लहान म्हणजे चारशे बारा

आमच्या मुकादमाने तीन वर्षांत ऑफिससाठी एकच नवी वस्तू आणली: अध्यक्षांकडे होता तस्साच फोन. खुर्च्या डुगडुगतात, खिडकी उघडत नाही, खालच्या चष्म्याच्या दुकानात काच घासायचं यंत्र सुरू झालं की आमची टेबलं थरथरतात; त्या कशाकडे बघायला त्याला सवड नाही. फोन मात्र रंगासकट जुळवून आणला आणि सगळ्यांसमोर टेबलावर ठेवून म्हणाला, "यात नीट दिसलं की जगात नीट दिसलं."

मुकादम हे आम्ही ठेवलेलं नाव. त्याच्या कार्डावर प्रोजेक्ट मॅनेजर असं छापलंय. अध्यक्ष म्हणजे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, शहरातली नऊ वाचनालयं चालवणाऱ्या संस्थेचे. वेबसाइट बघायची ती फक्त स्वतःच्या फोनवर, तीही हात लांब करून, कारण चष्मा लावला की वय दिसतं. काही खटकलं की ते पडद्याचा फोटो काढून त्यावर बोटाने लाल गोल ओढून पाठवत. महिन्याला चाळीसेक गोल येत. फोन आणल्यापासून ते दहावर आले, आणि मुकादमाला स्वतःच्या दूरदृष्टीचं इतकं कौतुक वाटायला लागलं की चाचणीचे बाकीचे फोन त्याने खणात टाकून दिले. तिथे त्यांच्या बॅटऱ्या फुगल्या.

मी वेबसाइटची पानं आखते. म्हणजे नेमकं काय करते, हे आमच्या घरात कोणालाही कळलेलं नाही. आईला वाटतं टायपिंग करते. भावोजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, वाटतं रंग देते. खरं काम असं आहे की एकच पान मोठ्या पडद्यावर तीन रकान्यांचं दिसायला हवं, टॅब्लेटवर दोन, फोनवर एक, आणि कुठे किती रकाने हे त्या पानाला आपलं आपण कळायला हवं. ते थेट स्टाइलशीटमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलमध्ये, खरडत बसलं तर जन्म जाईल. म्हणून मी आधी सॅस नावाच्या भाषेत लिहिते. त्यात मापांना नावं देता येतात. एखादा साचा एकदा बांधून ठेवायचा, मग हवा तिथे नुसता नावाने बोलवायचा. शेवटी कंपाइल केलं की ब्राउझरला समजेल अशी चार हजार ओळींची स्टाइलशीट तयार होऊन पडते. माझ्या यादीत तीन मापं होती, लहान, मध्यम आणि मोठं. लहान म्हणजे तीनशे वीस पिक्सेल रुंद पडदा. एका जागी आकडा बदलला की साठ पानं निमूट ऐकतात. एवढं माझं ऐकणारं दुसरं कोणी आमच्या खानदानात नाही.

तर वाचनालयांमध्ये साहाय्यकाच्या दोन जागा निघाल्या आणि अर्ज वेबसाइटवरच घ्यायचे ठरले. अध्यक्षांनी अर्जाचं पान पाहिलं आणि लाल गोल पाठवण्याऐवजी स्वतःच आले.

"माझा फोटो फोनवर तळाला का जातो?" त्यांनी विचारलं.

"सर, फोनवर जागा कमी असते. आधी अर्ज, मग बटण, मग फोटो," मी म्हणाले.

"अर्ज कोणाकडे जातोय, हे उमेदवाराला कळायला नको? फोटो शेजारी घ्या. आणि फोटोच्या खाली पाठवायचं बटण."

मुकादमाने माझ्याकडे असं पाहिलं की मी 'घेते' म्हणाले. घेतलंही. डावीकडे अर्जाचा रकाना तीनशे तीस, मधली फट बारा, उजवीकडे अध्यक्ष सत्तर, त्यांच्याखाली निळा बाण असलेलं छोटं बटण. बेरीज चारशे बारा. अध्यक्षांच्या फोनची रुंदी बरोब्बर चारशे बारा! एक पिक्सेल सांडला नव्हता. मला स्वतःचा जाम अभिमान वाटला. यादीतलं 'लहान' मी तीनशे वीसवरून चारशे बारावर नेलं, कंपाइल केलं आणि मोकळी झाले. खणातला एकुलता एक जिवंत फोन बारीक होता, त्यावर पान आडवं हलायला लागलं. मुकादम म्हणाला, "हलायला नको." मी एक ओळ लिहिली: पडद्याबाहेर जे जाईल ते लपव. पान हलायचं थांबलं आणि फोन परत खणात गेला.

त्यातून नेमकं काय लपलं, हे बघायला मी थांबले नाही. का नाही थांबले? चहा आला होता.

आता ताई. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. लग्नाआधी दोन वर्षं तिने एका वाचनालयात काम केलं होतं, तेव्हा कार्डांवर हाताने नोंदी करायचे. मग लग्न, मुलगा, सासऱ्यांचं आजारपण, आणि एकोणीस वर्षं कुठे गेली ते तिला विचारलं तर ती भांडी आवरायला उठते. या जागांचं मीच तिला सांगितलं. "बघू," ती म्हणाली. नंतरच्या आठवड्यात तिने मला तीनदा शेवटची तारीख विचारली. आमच्या घरात बायका एखादी गोष्ट हवी म्हणून याच्यापेक्षा मोठ्याने ओरडत नाहीत.

शेवटच्या दिवशी पाच वाजता पान बंद होणार होतं. साडेतीनला तिचा फोन आला, म्हणे आमची शिडी तुझ्याकडे आहे ती रविवारी आणून दे.

"देते. अर्ज भरलास?"

"ते राहू दे गं. नको वाटतंय."

"ताई."

"अगं, नको म्हटलं ना."

"ताई, काय झालं?"

"तीन दिवस बसतेय. नाव, पत्ता, शिक्षण, अनुभव, सगळं भरते. आणि शेवटी पाठवायचं कुठून तेच मला सापडत नाही. यांना विचारलं तर म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. पोराने स्वतःच्या फोनवर उघडून दाखवलं, हे बघ आई बटण, नीट बघ की. आहे खरं त्याच्या फोनवर. मी नीटच बघतेय गं. चष्मा पुसून बघितलं, उजेडात जाऊन बघितलं. जिला अर्ज पाठवायचं बटण सापडत नाही, ती तिथे कॉम्प्युटरवर पुस्तकं काय चढवणार? बरोबर आहे त्यांचं."

"मग मला नाही विचारायचं?"

"तुला काय विचारू? पान तू केलंयस. म्हणाली असतीस, एवढं सोपं करून दिलं तरी हिला जमत नाही."

मी तिला पडद्याचा फोटो पाठवायला सांगितलं. आला. अर्ज वरपासून खालपर्यंत भरलेला, ताईच्या सवयीप्रमाणे पत्त्यात पिनकोडसुद्धा दोनदा. आणि उजव्या कडेला, अगदी चिकटून, अध्यक्षांचा एक कान. त्या कानाच्या खाली केसाएवढी निळी रेघ.

"ती निळी रेघ दिसतेय ना," ताई म्हणाली, "ती काचेला चीर गेलीय वाटतं. मागे ओट्यावरून पडला होता."

ती चीर नव्हती. ते माझं बटण होतं. ताईच्या पडद्याची रुंदी तीनशे साठ. माझ्या हिशेबात चारशे बाराच्या खाली फोनच नव्हते, म्हणजे ताई नव्हती. अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि ते मी आखलं होतं, एक पिक्सेल न सांडता.

"अर्धा तास थांब," मी म्हणाले. "फोन फेकू नकोस. काही पुसू नकोस."

"तू नको हं भरूस माझा," ती एकदम कडक आवाजात म्हणाली. "बहिणीने भरलेला अर्ज मला नकोय."

"नाही भरत."

मी वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंना फोन लावला. अर्ज त्यांच्याकडे जमा होत होते.

"किती आलेत, बाई?"

"अकरा! दोन जागांना अकरा, आठ दिवसांत. अध्यक्ष म्हणतात, हल्ली कोणाला कामच नकोय."

"आणि अर्धवट राहिलेले?" पहिल्याच रकान्यात मोबाइल नंबर घेत असल्यामुळे सुरू केलेला प्रत्येक अर्ज त्यांना दिसत असे.

"ते काय विचारू नका. एकशे अठ्ठ्याहत्तर. लोकांना काही पुरं करायची सवयच नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. चोर इथे तिसऱ्या मजल्यावर कानाला फोन लावून बसला होता.

आता जे सांगते ते सांगायला मला आवडत नाही. उपाय मला पहिल्या सेकंदालाच सुचला होता: फोन आडवा धर. बस्स. आडवा धरला की ताईचा पडदा सहाशे चाळीस होतो, अध्यक्ष अख्खे दिसतात, बटण दिसतं, ती दाबते आणि झाली बारावी उमेदवार. दोन जागा, बारा माणसं, त्यात पूर्वी वाचनालयात काम केलेली किती असणार? मी दुरुस्ती पाच वाजून पाच मिनिटांनी केली असती तर कोणाला कळलं नसतं. बाईंना एक मिनिट थांबवून मी ताईला मेसेज लिहिलासुद्धा. तीन शब्द. बोट पाठवायच्या बाणावर ठेवलं.

आणि एकशे अठ्ठ्याहत्तर घरं डोळ्यांसमोर आली. प्रत्येक घरात कोणीतरी चष्मा पुसतंय आणि कोणीतरी त्याला नीट बघ म्हणतंय. मला भलतीच लाज वाटली. मी फार थोर आहे अशातला भाग नाही, मी लिफ्टमध्ये लोक येताना दिसले की दार बंद करायचं बटण दाबते. पण हे मला सोसेना. मेसेज पुसला.

ग्रंथपालबाईंना म्हणाले, "बाई, त्या सगळ्यांना एक निरोप पाठवता येईल? पानात दोष होता, वीस मिनिटांत दुरुस्त होतोय, पाचच्या आत पुन्हा उघडा, भरलेलं तसंच असेल."

"दोष? कसला दोष?"

"बटण नव्हतं."

"अगं माझी भाची त्या अर्धवटात आहे," त्या म्हणाल्या. "मी तिला काल काय काय बोलले!"

आमच्याकडे एक नियम आहे. अध्यक्ष इमारतीत असतील तेव्हा त्यांच्या साइटवर काही चढवायचं नाही. आणि ते इमारतीत होते. काचेच्या खोलीत मुकादमासमोर बसून, हात लांब करून, निळ्या रंगाच्या नऊ छटांमधून एक निवडत होते. सकाळपासून दोन छटा बाद झाल्या होत्या.

मी यादी उघडली. लहान परत तीनशे वीस. लपवायची ती ओळ उडवली. दोन रकान्यांचा साचा फोनवरून काढून टाकला: अर्ज, त्याच्याखाली अख्ख्या रुंदीचं बटण, त्यावर बाणाऐवजी सरळ 'अर्ज पाठवा'. फोटो तळाला. अध्यक्षांच्या फोनपुरता अपवाद ठेवता आला असता, जास्तीच्या तीन ओळी लागल्या असत्या. मी ठेवला नाही. मुद्दाम नाही ठेवला. खणातला बारीक फोन बाहेर काढला, चार्जरला लावला, बघितलं, मध्यम आणि मोठ्यावर बघितलं, कंपाइल केलं आणि चार वाजून बारा मिनिटांनी चढवून टाकलं. ग्रंथपालबाईंना कळवलं, ताईला कळवलं, आणि काचेकडे बघत बसले.

चार-पाच मिनिटं छटा चालू होत्या. मग अध्यक्षांनी पान ताजं केलं असावं. त्यांनी फोन जवळ घेतला, लांब नेला, परत जवळ घेतला, खिशातून चक्क चष्मा काढून लावला आणि दार उघडून बाहेर आले.

"मी कुठे गेलो?" ते म्हणाले.

मुकादम त्यांच्यामागून धावत आला. "आहात, सर, आहात. असाल इथेच. जरा वर सरकवा."

अध्यक्षांनी सरकवलं. बरंच सरकवल्यावर ते स्वतःला सापडले. "तळाला! पुन्हा तळाला!"

मुकादम माझ्या टेबलाशी आला. तो ओरडत नाही, दात आवळून बोलतो, ते जास्त वाईट. "कोणी सांगितलं तुला?"

"बटण दिसत नव्हतं, सर. छोट्या फोनवर."

"कोणाच्या?"

"एकशे अठ्ठ्याहत्तर जणांच्या."

"अध्यक्षांच्या फोनवर दिसत होतं ना?"

"अध्यक्षांना कुठे अर्ज करायचाय?"

हे मी बोलायला नको होतं. पण बोलले, आणि शेजारच्या टेबलावरून कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. मुकादम म्हणाला की या प्रकल्पावरून मी आजच मोकळी, उद्यापासून जुन्या साइट्सची मोडकी पानं झाडत बसायची. मी बरं म्हणाले. पाचावर धारण बसली होती, पण 'बरं' नीट आलं तोंडातून.

तेवढ्यात अध्यक्षांचा फोन वाजला. ग्रंथपालबाई. ते ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा हळूहळू फुलत गेला. "चाळीस? दहा मिनिटांत?... पंचावन्न?" फोन हाताने झाकून त्यांनी मुकादमाला सांगितलं, "अर्जांचा पाऊस पडतोय. मी परवा भाषणात आवाहन केलं होतं ना, पोचलं बघा लोकांपर्यंत." मुकादम म्हणाला, पोचणारच, सर. मला तेव्हा दोघांनाही एकेक सणसणीत ठेवून द्यावीशी वाटली. मी बारीक फोनची वायर गुंडाळत बसले.

पाच वाजले. पान बंद झालं. एकूण अर्ज एकशे सदतीस. पाच वाजून सहा मिनिटांनी ताईचा फोन आला.

"गेला!" ती म्हणाली. दम लागल्यासारखा आवाज. "एवढं मोठं बटण! हिरवी खूण आली, नंबर आला. एकशे एकोणतीस."

"छान."

"आधीचे किती होते गं?"

खोटं बोलता आलं असतं. ताईशी मी लहानपणापासून पुष्कळ खोटं बोलले आहे, सराव आहे. पण तीन दिवस ती बरोबर होती आणि चूक ठरत होती, त्यात मला अजून भर घालायची नव्हती.

"अकरा," मी म्हणाले.

"अकराच?"

"हो. आणि आणखी एक आहे. तू फोन नुसता आडवा धरला असतास तरी बटण दिसलं असतं. मला साडेतीनलाच माहीत होतं. तुला सांगितलं नाही. सगळ्यांसाठी दुरुस्त केलं, म्हणून आता एवढे झाले."

मला वाटलं, आता ठेवणार ती.

"गाढवे," ताई म्हणाली. "मला आडवा धरायला सांगून मग दुरुस्त करायचंस की पाचनंतर! सख्खी बहीण आहेस का शेजारीण?"

"चुकलं माझं."

"दोन जागा आहेत फक्त."

"माहितीये."

मागे टीव्हीचा आवाज येत होता, आणि त्यावरून भावोजींचा, "काय, सापडलं का शेवटी बटण?"

"म्हणजे तीन दिवस," ताई हळूच म्हणाली, "ते बटण तिथे नव्हतंच?"

"नव्हतं."

"मला दिसत नव्हतं असं नाही. नव्हतंच."

"नव्हतंच, ताई. तू बरोबर बघत होतीस."

तिने नाक ओढलं. मला रडू आवरेना, म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं.

"थांब," ती म्हणाली. "तुला स्पीकरवर टाकते. यांना सांग."

"काय सांगू?"

"हेच. आत्ता मला सांगितलंस तसंच." आणि मग लांबून, भावोजींना, "अहो, टीव्ही बंद करा. ही काय म्हणतेय ऐका."

टीव्ही बंद झाला. "भावोजी, ताईच्या फोनवर बटण नव्हतं. पान मी आखलं होतं आणि ते मी चुकीचं आखलं. ती तीन दिवस नीटच बघत होती."

"अगं, पण पोराच्या फोनवर तर..."

"त्याच्या फोनवर होतं. तिच्या फोनवर नव्हतं. चूक माझी, भावोजी. तिची नाही."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं झालं, आता ठेवावा.

"ठेवू नकोस," ताई म्हणाली. "पोरगं आंघोळीला गेलंय. तो बाहेर येईपर्यंत थांब. त्यालापण सांगायचंय."